हौसाबाईंचा सिन्स, फॉर आणि टिल

शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्यातलं निम्मं तीन शब्दांत गेलं: अ‍ॅट, ऑन आणि इन. उरलेल्या निम्म्यात सिन्स, फॉर, बाय आणि टिल होते. शेक्‌हँड करून निवृत्तीचा नारळ देताना आमचे अध्यक्ष म्हणाले की, मॅडमनी तालुक्याला जगाची खिडकी उघडून दिली. खिडकी वगैरे ठीक आहे, पण दहा वाजता म्हणताना ‘अ‍ॅट’ लावायचा की ‘ऑन’, हे त्या मांडवात बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना आठवत असेल, असा विचार माझ्या मनात चालला होता.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय अवघड आहे ते कळत नाही, म्हणून आधी सांगते. मराठीत आपण ‘दहाला’ म्हणतो, ‘सोमवारी’ म्हणतो, ‘मार्चमध्ये’ म्हणतो. शब्दाच्या शेपटीला काहीतरी जोडलं की काम झालं. इंग्रजीत हे शब्दाच्या आधी येतं आणि वेळेच्या आकाराप्रमाणे बदलतं. घड्याळातल्या वेळेला अ‍ॅट, दिवसाला ऑन, महिना, ऋतू, वर्ष असं काही ऐसपैस असेल तर इन. इथपर्यंत पोरं येतात. पुढे ‘पासून’ येतो आणि घोटाळा होतो. ‘सोमवारपासून आजारी आहे’ आणि ‘दोन दिवसांपासून आजारी आहे’, दोन्हीकडे आपला पासून एकच. इंग्रजीत सोमवारला सिन्स आणि दोन दिवसांना फॉर. ‘पर्यंत’चंही तेच. ‘गुरुवारपर्यंत फी भरा’ म्हणजे त्याच्या आत कधीही, तो बाय. ‘गुरुवारपर्यंत थांबा’ म्हणजे तोवर हलू नका, तो टिल. मराठी माणूस दोन्ही एका ‘पर्यंत’मध्ये भागवतो आणि त्याचं आजवर काही अडलेलं नाही.

माझी पहिली नोकरी तळेघरच्या बाजूला होती. नव्वद सालच्या पुढेमागे. तिथे मी फळ्यावर लिहिलं की बस सकाळी आठ वाजता येते, आणि मोकळ्या जागेत योग्य शब्द भरायला सांगितला. आठवीतली एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, आमची यष्टी ‘अ‍ॅट’ येतच न्हाई. ती ‘इन द मॉर्निंग’ येती.” मी तिला पूर्ण गुण दिले. त्या रस्त्यावर मीही दोन पावसाळे इन द मॉर्निंगच उभी राहिले होते.

पुढे बदली होऊन मी नारायणगावला आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. सांगायची गोष्ट तिथली आहे. ती शाळेतली नाही, माझ्या स्वयंपाकघरातली आहे.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. एका शनिवारी बाजार उरकून एक बाई दारात आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, नऊवारी, हातात वांग्यांची पिशवी. येडगावच्या हौसाबाई. त्यांची मुलगी सुनीता माझ्याकडे दहावीला होती. अक्षर सुंदर, बोलणं कमी. तिला अवसरीकडचा इंजिनिअर नवरा मिळाला आणि लग्नानंतर वर्षाच्या आत दोघं परदेशी गेले. देशाचं नाव हौसाबाईंना कधी नीट म्हणता आलं नाही आणि गोष्टीला त्याचा काही उपयोगही नाही, म्हणून मी लिहीत नाही. थंड होता एवढं खरं.

हौसाबाई खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, मला इंग्लिश शिकवा. चैत संपायच्या आत.”

हकीकत अशी होती. सुनीताला दिवस गेले होते. याआधीचं एक सहाव्या महिन्यात गेलं होतं, तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. नवरा कामाला सकाळी जायचा आणि शेजारीण म्हणजे दारावरची नावाची पाटी. या खेपेला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. आईने जायचं ठरवलं. पासपोर्ट झाला, जावयाने कागद पाठवले, आणि हौसाबाई तात्यांना, म्हणजे आपल्या यजमानांना, घेऊन मुंबईला वकिलातीत व्हिसासाठी गेल्या. तिथल्या साहेबाने नकार दिला.

“काय विचारलं त्यांनी?” मी म्हटलं.

“त्यो गोरा साहेब मराठीतच बोलला. लई गोड. म्हनला, किती दिवस राहनार? मी म्हनलं, पोर मोठं व्हईपर्यंत.”

मी वांग्यांची पिशवी उचलून ओट्यावर ठेवली.

“मराठीत सांगितलं म्हनून नाय म्हनला त्यो,” हौसाबाई म्हणाल्या. “आता इंग्लिशमधी सांगते.”

माझ्या लक्षात आलं होतं की दोष मराठीचा नाही. पण त्या इतक्या ठामपणे बसल्या होत्या की मी पाटी शोधायला उठले.

शाळेबाहेर मी कधी शिकवणी घेतली नव्हती. हौसाबाईंसाठी मात्र घेतली. दुधाच्या टेम्पोतून त्या यायच्या, मी भाजी निवडायचे, त्याही निवडू लागायच्या आणि तसंच शिकणं चालायचं. त्या चौथी शिकलेल्या. एबीसीडी मी शिकवलीच नाही, तेवढा वेळ नव्हता. तोंडीच सगळं. आकडे, महिने, वार आणि त्यांना लागणारे हे छोटे शब्द. साहेब वेळेबद्दलच विचारणार, असा माझा अंदाज होता. कधी जाणार, किती दिवस राहणार, कधी परत येणार.

त्यांच्याच दिवसावर वाक्यं केली. आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह. मिल्क इन द मॉर्निंग. मार्केट ऑन सॅटरडे. ऑन हा शब्द त्यांना आधीच येत होता, विहिरीवरच्या मोटारीमुळे. त्यांनी विचारलं, शनिवार ऑन म्हणजे शनिवार चालू केला का? मी म्हटलं, तसंच धरा. त्यांनी तसंच धरलं आणि वारांच्या बाबतीत त्यांची चूक पुढे कधी झाली नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम नाही.

सकाळी इन, दुपारी इन, संध्याकाळी इन आणि रात्री मात्र अ‍ॅट, हे सांगितल्यावर माझे दहावीचे हुशार विद्यार्थी कारण विचारायचे आणि मला कारण येत नसे. हौसाबाईंनी विचारलं नाही. “रातीचं येगळंच असतंय,” म्हणाल्या आणि पुढची जुडी हातात घेतली.

सिन्स आणि फॉरला आम्ही आठवडाभर अडलो. मी नियम सांगायचे, त्या मान हलवायच्या आणि उलटं बोलायच्या. शेवटी मी म्हटलं, सिन्सच्या पुढे वेळ एका जागी रोवलेली असते. सोमवार, मार्च, दहा वाजता. फॉरच्या पुढे लांबी असते. दोन तास, तीन महिने. त्यांनी थोडा विचार केला.

“म्हंजी सिन्स म्हंजी खुटा आन् फॉर म्हंजी दावं.”

जनावर बांधायचा खुंटा आणि त्याची दोरी. मी हे नंतर वर्गात वापरलं. गावातल्या पोरांना चटकन कळायचं. ज्यांच्या घरी जनावरं नव्हती त्यांना आधी खुंटा समजावून सांगावा लागे आणि तास संपे.

मग टिलवर आलो. मी म्हटलं, “साहेब विचारेल, कधीपर्यंत राहणार? टिल म्हणा आणि पुढे महिना सांगा.”

“पोर मोठं व्हईपर्यंत.”

“तो महिना नाही, हौसाबाई.”

खरी अडचण ही होती आणि ती कुठल्याही भाषेत तेवढीच होती. बाळाचे दिवस श्रावणात भरणार होते. त्या जूनमध्ये जाणार हे ठरलेलं होतं. परत यायचं कधी, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. पहिलं नातवंड हातात येण्याआधीच त्याला सोडून निघायची तारीख कोण ठरवतं?

मी वेगळ्या वाटेने गेले. विचारलं, “मग बाग कोण बघणार?”

त्यांची द्राक्षांची बाग होती. तात्यांना दम्याचा त्रास, औषधाचा फवारा त्यांना सोसत नसे. त्यामुळे बाग हौसाबाईच बघायच्या आणि गावात सगळे ते जाणून होते. द्राक्षाला ऑक्टोबरात छाटणी करावी लागते. तेव्हा कोणत्या काडीचा कोणता डोळा, म्हणजे अंकुर, ठेवायचा हे चुकलं, तर वर्षभर घड येत नाहीत. ते काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

“छाटनीला यावंच लागंल,” त्या म्हणाल्या.

“मग तेच टिल.”

“टिल सप्टेंबर,” हौसाबाई म्हणाल्या. तोंडातला घास काढून ठेवावा तसं म्हणाल्या. पिशवी उचलून त्या दिवशी लवकर गेल्या. निवडायची भाजी तशीच राहिली.

दुसऱ्या खेपेच्या मुलाखतीला मी नव्हते. तात्या बाहेर बसले होते आणि आत काय झालं ते हौसाबाईंनी मला परत आल्यावर सांगितलं. खिडकीपलीकडे तोच साहेब होता. त्याने पुन्हा गोड मराठीत विचारलं, किती दिवस राहणार? हौसाबाई म्हणाल्या, “फॉर थ्री मन्थ्स. टिल सप्टेंबर.” त्याने मराठीत विचारलं, नक्की परत येणार कशावरून? त्यांनी इंग्रजीत सांगितलं, “ग्रेप्स. कटिंग इन ऑक्टोबर. आय कम बिफोर.” तो मराठीत विचारत राहिला आणि त्या इंग्रजीत सांगत राहिल्या. शेजारी बसवलेल्या दुभाष्याला काही कामच उरलं नाही. शेवटी साहेबाने विचारलं, बाग कधीपासून आहे? “सिन्स मॅरेज,” हौसाबाई म्हणाल्या. साहेब हसला आणि व्हिसा मिळाला.

तेव्हा मला वाटलं होतं की गोष्ट इथे संपली. शिक्षकाला परीक्षेचा निकाल लागला की गोष्ट संपल्यासारखी वाटते.

जूनमध्ये त्या गेल्या. पुढचं सगळं मला त्यांच्याच तोंडून कळलं, त्या परत आल्यावर, माझ्या त्याच स्वयंपाकघरात.

गेल्यावर पंधरा-वीस दिवस बरे गेले. सुनीता झोपून आणि आई तिच्या उशाशी. खिडकीतून दिसायचं ते एक झाड आणि गाड्या ठेवायचं मैदान. एका दिवशी जावई कामासाठी दुसऱ्या शहरात गेले होते. सकाळी सुनीताच्या पोटात कळ यायला लागली. अजून पुष्कळ दिवस होते, म्हणून दोघींनी आधी मनावर घेतलं नाही. दुपारी रक्त जायला लागलं. सुनीताने स्वतः फोन लावला, पत्ता सांगितला आणि फोन खाली ठेवतानाच तिची शुद्ध गेली.

गाडी आली. एक पुरुष, एक बाई, दोघं निळ्या कपड्यांत. त्यांनी सुनीताला उचलता उचलता हौसाबाईंना विचारायला सुरुवात केली. त्यांचं बोलणं मुंबईच्या साहेबासारखं सावकाश नव्हतं. हौसाबाईंना त्यातलं काही कळेना. मग त्या बाईने हौसाबाईंचा दंड धरला, डोळ्यांत बघून एकच शब्द विचारला. “व्हेन?”

तो त्यांना येत होता.

“पेन सिन्स मॉर्निंग. सिन्स नाइन.” मग सुनीताच्या पातळाकडे बोट दाखवून, “ब्लड सिन्स वन.”

ती बाई गाडीतल्या यंत्रावर तसंच बोलली, हौसाबाईंचेच शब्द, तसेच. हॉस्पिटलात दारातच डॉक्टरीण उभी होती. ऑपरेशन करायचं तर भूल द्यावी लागते आणि भूल द्यायची तर माणसाने शेवटचं कधी खाल्लं ते कळावं लागतं. तिने हाताने घास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, व्हेन?

“राइस अ‍ॅट टेन. टी अ‍ॅट ट्वेल्व्ह.”

आणखी काहीतरी विचारलं. त्यात ‘बिफोर’ होता. हौसाबाईंना वाटलं, आधीच्या बाळाबद्दल असणार. “वन बेबी बिफोर,” त्या म्हणाल्या. “इन सिक्स मन्थ. गॉन.”

हे मला सांगताना त्या थांबल्या. म्हणाल्या, “मॅडम, ते इन बरुबर व्हतं का?”

मी म्हटलं, बरोबर होतं. ते अगदी बरोबर नव्हतं, पण मी इतकी वर्षं लाल पेन वापरलेलं आहे आणि ते कधी खाली ठेवायचं एवढं मला कळतं.

दार बंद झालं. हौसाबाई बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरीण आत जाताना लांबलचक काही बोलली होती आणि त्यातले दोनच शब्द त्यांना सापडले होते: “बाय फोर.”

बाय की टिल, असं त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. टिल फोर असतं, तर चार वाजेपर्यंत आत सगळं चालूच राहणार आणि तोवर कोणी येणार नाही. पण ऐकलं होतं ते बाय. म्हणजे चारच्या आत कधीही. “म्हनून दारावरची नजर काढली न्हाई,” त्या मला म्हणाल्या. “कवाबी उघडंल. त्या ‘बाय’च्या जिवावर बसले व्हते मी.” भोवती इतकी माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही ‘काय होईल हो’ असं विचारता येत नव्हतं. त्याचे शब्द मी शिकवले नव्हते.

चारच्या आधी दार उघडलं. डॉक्टरणीने दोन बोटं वर केली आणि मान हलवली. दोघंही सुखरूप. मुलगा, मांजरीच्या पिल्लाएवढा.

बाळ काचेच्या पेटीत राहिलं. हौसाबाई रोज पेटीजवळ बसायच्या आणि काचेच्या भोकातून हात घालून एक बोट त्याच्या मुठीत द्यायच्या. एकदा तिथल्या नर्सला त्यांनी विचारलं, “बेबी होम, व्हेन?” पेटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “फॉर सिक्स वीक्स.” हौसाबाईंनी मनात हिशेब केला. बाळ घरी येणार, त्याला मांडीवर घेणार आणि लगेच निघायची वेळ होणार.

तसंच झालं. सुनीता म्हणाली, आई, आता जाऊ नकोस. जावई म्हणाले, मुदत वाढवून मिळते, मी अर्ज करतो. अर्ज कायदेशीर होता, त्यात खोटं काही नव्हतं. हौसाबाई नाही म्हणाल्या. “मुंबईच्या त्या साहेबाला सांगून आलीया, छाटनीच्या आधी येते म्हनून.” सुनीता दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. निघताना बाळ झोपलेलं होतं. त्याला उठवलं नाही.

माझ्या पाटावर बसून हौसाबाई एवढं सगळं एका दमात बोलल्या. मी चहा केला. मला अभिमान वाटत होता हे खरं आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्रज माणसाशी इंग्रजीतून एक वाक्य बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. माझं शिकवणं कुठे कामाला आलं याचा असा पुरावा शिक्षकाला सहसा मिळत नाही. आणि त्याच वेळी तो टिल सप्टेंबर मला टोचत होता. तो त्यांच्या तोंडी माझ्या या ओट्यावरच बसला होता.

छाटणी झाली. त्या वर्षी माल चांगला आला.

पुढे सुनीताचा फोन दर रविवारी यायचा. पोराचं नाव ईशान. तो बोलायला लागला तो इंग्रजीतच. मराठी त्याला कळायची नाही आणि हौसाबाईंना त्याचं कळायचं नाही. मग दोघांचं वेळेबद्दलच बोलणं चालायचं. तो सांगायचा, शाळा ऑन मंडे. त्या सांगायच्या, पाऊस सिन्स मॉर्निंग. तो विचारायचा, व्हेन आर यू कमिंग?

त्या दरवर्षी ठरवायच्या. एका वर्षी तात्यांचा दमा वाढला. एका वर्षी बागेवर रोग पडला. मग गुडघे गेले. त्या मला विचारायला आल्या की पुढच्या वर्षी म्हणायचं तर आधी काय लावायचं, ऑन की इन? मी म्हटलं, काहीच लावायचं नाही. नेक्स्ट इयर, एवढंच. टुमारो, नेक्स्ट इयर, समडे, यांना काही लागत नाही.

“काईच न्हाई?”

“काहीच नाही.”

“मंग सोपंय,” हौसाबाई म्हणाल्या आणि पुढची काही वर्षं फोनवर तेवढंच म्हणत राहिल्या.

ईशान सहा-सात वर्षांचा असताना सुनीता त्याला घेऊन आली. मला येडगावला जेवायला बोलावलं होतं. मी पोहोचले तेव्हा पोरगं ओसरीवर बूट घालून बसलं होतं आणि शेरडाकडे लांबूनच बघत होतं. हौसाबाई त्याच्याजवळ पाय पसरून बसल्या होत्या. आदल्या दिवसापासून, म्हणजे सिन्स यस्टरडे, पोरगं तिथेच होतं, असं त्यांनी मला आल्याआल्या सांगितलं. त्यांनी त्याला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. पोरगं मोठं झालं होतं आणि कसं घ्यावं ते त्यांना सुचत नव्हतं.

जेवणं झाली. ईशानने तोच प्रश्न विचारला जो तो फोनवर विचारायचा. तू आमच्याकडे कधी येणार? इंग्रजीत विचारला आणि हौसाबाईंना तो पुरता कळला. मला वाटलं, आता नेक्स्ट इयर येणार. सुनीतालाही तसंच वाटलं असावं. तिने मान खाली घातली.

हौसाबाई मराठीत म्हणाल्या, “तू न्ह्यायला येशील तवा.”

पोरगं आईकडे बघायला लागलं. सुनीताने त्याला इंग्रजीत सांगितलं, तू न्यायला येशील तेव्हा, असं आजी म्हणते.

ईशानने विचार केला. त्याने आईला विचारलं की विमानाचं तिकीट काढायला किती मोठं असावं लागतं. सुनीता म्हणाली, अठरा. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं, आजीच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि बूट न काढताच तिच्या मांडीवर जाऊन बसला. तात्या शेरडाला पाला टाकायला उठले आणि मीही माझी चप्पल शोधायला लागले.